सी विभागाला भरती शिकवा

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका,
मुंबई.

विषय : फणसवाडी व आसपासच्या वाड्यांतील रहिवाशांना भरती-ओहोटीचे आणि वाढत्या समुद्रपातळीचे शिक्षण मिळण्याबाबत.



विषय वाचून आपल्या कार्यालयातले कोणीतरी हे पत्र शिक्षण विभागाकडे सरकवतील, अशी धास्ती आहे. म्हणून आधीच सांगतो की, मामला गटाराचा आहे, समुद्राचा आहे आणि आपल्याच खुर्चीवरून झालेल्या एका जाहीर विधानाचा आहे.

२७ ऑगस्ट २०२१. मुंबईच्या वातावरण कृती आराखड्याच्या संकेतस्थळाचे उद्घाटन होते. तेव्हाचे आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी त्या कार्यक्रमात सांगितले की २०५० पर्यंत दक्षिण मुंबईतल्या ए, बी, सी आणि डी या चार विभागांचा सुमारे ७० टक्के भाग पाण्याखाली जाईल. नरिमन पॉइंट, मंत्रालय, कफ परेड या पट्ट्याचा तर ८० टक्के. फणसवाडी सी विभागात येते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे आली आणि वाडीत पहिला प्रश्न निघाला तो असा : आपण सत्तरात की उरलेल्या तिसात?

प्रश्न थट्टेचा वाटेल, पण नागरिकाने विचारावा असा तोच एक प्रश्न होता. त्याचे उत्तर चंदनवाडीतल्या विभाग कार्यालयात नव्हते, नगरसेवकाच्या कचेरीत नव्हते, संकेतस्थळावर आम्हाला सापडले नाही. पंधरवड्यात गणपती आले आणि विषय आपोआप विसर्जित झाला. पुढे १३ मार्च २०२२ रोजी आराखडा रीतसर जाहीर झाला. त्यात पुराचा, उष्णतेचा, हवेचा सगळा ऊहापोह आहे, आणि तो करणाऱ्यांनी मेहनत घेतली आहे याबद्दल शंका नाही. फक्त तो अजून आमच्या जिन्यापर्यंत आलेला नाही.

(जाता जाता : बॅकबे भराव योजनेतला गैरव्यवहार ज्यांनी १९२० च्या दशकात चव्हाट्यावर आणला आणि त्यापायी अब्रुनुकसानीचा खटलाही अंगावर घेतला, त्या खुर्शेद नरिमन यांचेच नाव त्या भरावाच्या टोकाला दिले गेले. तेच टोक आता सगळ्यांत आधी बुडणाऱ्यांच्या यादीत आहे. मुंबई आपल्या माणसांची आठवण अशी ठेवते.)

आमच्यापर्यंत येतात ते आकडे. एक झाला ७० टक्क्यांचा. दुसरा दर पावसाळ्यात येतो : अमुक दिवशी समुद्राला साडेचार मीटरहून मोठी भरती. तिसरा २०२४ साली आला. बंगळूरच्या 'सी-स्टेप' या संशोधन संस्थेने देशातल्या १५ किनारी शहरांचा अभ्यास करून सांगितले की १९८७ ते २०२१ या काळात मुंबईची समुद्रपातळी ४.४४ सेंटिमीटरने वाढली आणि २०४० पर्यंत शहराची दहा टक्क्यांहून जास्त जमीन पाण्याखाली जाण्याची शक्यता आहे. आता चाळीतल्या माणसाने या तिन्हींचा मेळ घालायचा. सत्तर टक्के, साडेचार मीटर आणि जेमतेम साडेचार सेंटिमीटर. एक आकडा ऐकून धडकी भरते, दुसरा ऐकून लोक छत्र्या घेऊन मरीन ड्राइव्हवर लाटा बघायला जातात आणि तिसरा ऐकून हसतात. बोटाच्या दोन पेरांएवढ्या पाण्याने काय होणार? असे हसणाऱ्याला अडाणी म्हणून चालणार नाही. त्याला हे आकडे कोणी वाचायला शिकवलेलेच नाहीत.

साडेचार मीटरचेच घ्या. वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर हटकून छापून येते, 'साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार'. तो आकडा लाटेचा नसतोच. तो भरतीच्या पाण्याचा, आणि तोही समुद्राच्या एका ठरावीक नीचतम पातळीपासून मोजलेला. मुंबईत ही पातळी सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली धरतात, नेमके सांगायचे तर २.५१ मीटर. म्हणजे साडेचार मीटरची भरती ही सरासरी समुद्रपातळीच्या वर दोन मीटर. लाटा त्याच्यावर वेगळ्या. वारा असेल तर त्या दोन मीटरवर आणखी चढतात, वारा नसेल तर समुद्र साडेचार मीटरलाही गप्प असतो. आता आमच्या वाडीचा रस्ता सरासरी समुद्रपातळीच्या किती वर आहे? दोन मीटर, तीन, पाच? तो आकडा पालिकेच्या नकाशांवर आहे. त्या नकाशांवरच्या उंच्या मोजतात टाउन हॉलच्या, म्हणजे आपल्या एशियाटिक सोसायटीच्या, इमारतीपाशी ठरवलेल्या खुणेवरून. त्या पायऱ्यांवर बसून मुंबईतल्या कित्येक पिढ्यांनी फोटो काढले. शहराची उंची तिथून मोजतात हे किती जणांना ठाऊक असेल?

समुद्राची मोजणी मात्र इथे फार जुनी आहे. अपोलो बंदरात १८७८ पासून भरतीची नोंद होते आहे. हिंदी महासागरात इतकी लांब नोंद असलेली ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. आमच्या वाडीपासून ते बंदर फार तर तीन-साडेतीन किलोमीटर. जगभरचे शास्त्रज्ञ ती आकडेवारी वापरतात, आणि आम्ही ती आपल्या गावची आहे हेही जाणत नाही.

आता साडेचार सेंटिमीटर. याचे उत्तर समुद्रावर नाही, हाउस गल्लीत आहे. दोन चाळींच्या मधली ती अरुंद बोळ आपण पाहिली असेलच. उन्हाळ्यात तिथे उंदीर, पडलेले कपडे आणि वरच्या मजल्यांचा कचरा. भर पावसात, दुपारची भरती असली की तिथल्या चेंबरच्या झाकणाच्या कडेने आधी बुडबुडे येतात. मग झुरळे. मग काळे पाणी. पाऊस थांबलेला असतो तरी पाणी चढत राहते, कारण ते आभाळातून येत नसते, खालून येत असते. तळमजल्यावरच्या खोल्यांत मोरीच्या जाळीवर ओले पोते टाकून त्यावर पाटा ठेवतात. ही आमची आपत्ती व्यवस्थापन योजना. गॅसचा सिलिंडर कॉटवर, तांदळाचा डबा फळीवर, शाळेची दप्तरे शेजाऱ्यांकडे पहिल्या मजल्यावर. मग सगळे उभे राहून बघत बसतात. आणि ठरावीक वेळ झाली की कोणी बूच काढावे तसे पाणी पटकन उतरते. लोक म्हणतात, पालिकेने पंप लावला. पंप कुठेही लावलेला नसतो. ओहोटी लागलेली असते.

शहराचे पावसाचे पाणी जिथे समुद्रात आणि खाडीत पडते अशी १८६ मुखे आहेत, हे पालिकेच्याच कागदांत आहे. त्यांतली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली. १३५ त्या पातळीच्या वर, पण भरतीच्या पाण्याखाली. भरती कितीही आली तरी उघडी राहतील अशी फक्त सहा. म्हणजे दिवसातून दोनदा, काही तास, मुंबईची गटारे समुद्राच्या मर्जीवर असतात. दारे असतील तर ती बंद करावी लागतात, नसतील तर समुद्र आत येतो. ब्रिटिशांनी विटांच्या कमानी बांधून ही गटारे केली तेव्हा ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि तोही ओहोटीला, एवढाच हिशेब धरला होता. १९९३ च्या, पर्जन्य जलवाहिन्यांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तो ताशी ५० वर न्यायला सांगितले. ते काम अजून चालू आहे. या व्यवस्थेत समुद्र साडेचार सेंटिमीटर वर आला म्हणजे काय झाले? किनाऱ्याची रेघ कुठे सरकलेली दिसणार नाही. पण प्रत्येक भरतीला ती मुखे थोडी लवकर बुडतात आणि थोडी उशिरा उघडी पडतात. पाणी आपसूक वाहून जाण्याचा वेळ तेवढा कमी होतो. समुद्र मरीन ड्राइव्हचा कठडा चढून फणसवाडीत येईल असे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे आहे, आणि ते सिनेमातले असल्यामुळे खरे वाटत नाही. तो हाउस गल्लीतून येईल. येतोच आहे.

हे एवढे कोणीतरी आम्हाला आमच्या भाषेत, आमच्या अंगणात उभे राहून सांगायला हवे होते. माझी तक्रार एवढीच आहे.

गिरगावाला ही गोष्ट उशिरा का कळते, यालाही इतिहास आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत पाऊणशे मिलिमीटरसुद्धा धड नाही. आम्ही दिवे लावून बातम्या बघत होतो आणि कुर्ला, कलिना, वांद्र्याला माणसे बुडत होती. त्या दिवशी मुंबईला कळले की मिठी ही नदी आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम अठरा किलोमीटरची, विमानतळाच्या धावपट्टीसाठी वळवलेली, मुखापाशी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने आवळलेली. तोवर ती नाला होती. माहीमपासून आत बऱ्याच अंतरापर्यंत तिच्यात भरतीचे पाणी चढते. वरून ९४४ मिलिमीटर आणि समोरून समुद्र, मग ती जाणार कुठे? पुढे माधवराव चितळे यांच्या समितीने या सगळ्याची कारणे मांडली, मिठीसाठी प्राधिकरण निघाले, रुंदीकरण झाले, भिंती झाल्या, आणि गाळ तर इतका निघाला की २०२५ मध्ये त्याच्या कंत्राटांवर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. मात्र मिठीकाठच्या वस्त्यांना भरतीचे वेळापत्रक शिकवण्याची मोहीम या सगळ्या कामांच्या यादीत ठळकपणे कधी दिसली नाही. नदीचा गाळ काढता येतो, मोजता येतो, त्याचे बिल निघते. शिकवण्याचे बिल निघत नाही.

आणि आम्ही गिरगावकरांनी २००५ मधून चुकीचा धडा घेतला : पूर उपनगरात येतो. ५ ऑगस्ट २०२० ला तो पुसला गेला. नारळी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, म्हणजे समुद्र उधाणाचा. कुलाब्याला ताशी १०६ किलोमीटरचा वारा आणि २४ तासांत ३३१.८ मिलिमीटर पाऊस. गिरगाव, मरीन लाइन्स, चौपाटी, जिथे कधी पाणी पाहिले नव्हते तिथे पाणी. गंमत अशी की त्याच वर्षी १२ जूनला, म्हणजे दोनच महिने आधी, केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने आणि पालिकेने मिळून मुंबईसाठी 'आयफ्लोज' ही पूर-इशारा यंत्रणा सुरू केली होती. पाऊस, भरती, वादळाचे पाणी, जमिनीची उंची असे सगळे जमेस धरून विभागवार अंदाज देणारी. उत्तम यंत्रणा. तिचा इशारा आपल्या नियंत्रण कक्षापर्यंत जातो. तिथून पुढे फणसवाडीतल्या तळमजल्यापर्यंतचे शेवटचे अंतर तेवढे राहिले आहे.

पाणी उपसणाऱ्या मोठ्या उदंचन केंद्रांबद्दलही हेच. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी सहा आजवर उभी राहिली. त्यांत चौपाटी ते मरीन ड्राइव्ह या आमच्या बाजूचे एकही नाही. असावे की नसावे हे तुमच्या अभियंत्यांनी ठरवावे. पण आमच्या वाडीचे पाणी कोणत्या मुखातून समुद्रात जाते, त्या मुखाला दार आहे का आणि ते कोण उघडते, हे विचारायचा अधिकार आम्हाला आहे, आणि प्रश्न विचारण्यापुरते ज्ञान आधी लागते.

आता मुद्द्याचे. शिकवायचे कसे? यासाठी आपण सल्लागार नेमू नयेत अशी विनंती आहे. गिरगावाला भरती शिकवण्यासाठी लागणारी निम्मी विद्या गिरगावात आधीच आहे. तिला आम्ही तिथी म्हणतो.

कोकणातल्या आणि मुंबईच्या कोळ्यांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बारा. तीच वेळ पुन्हा सुमारे साडेबारा तासांनी. दोन्हींच्या मध्ये ओहोटी, ज्याला कोळी सुकती म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, सप्तमी-अष्टमीकडे भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, त्याच्यामागून समुद्रही. थोडे इकडेतिकडे होते, कारण खरे कोष्टक भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी काढतो आणि त्यात मिनिटांचा हिशेब असतो. पण घरच्या वापराला पाऊणपट पुरते.

पडताळा घ्या. २००५ ची गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती. २६ जुलै म्हणजे त्यानंतरचा पाचवा दिवस. पाचाची पाऊणपट पावणेचार. त्या दिवशीची भरती दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी होती, ४.४८ मीटरची. ऑफिसातून चार वाजता निघालेल्या हजारो माणसांना हा पाच मिनिटांचा हिशेब येत असता तर? काही जण ऑफिसातच थांबले असते, एवढे म्हणायला हरकत नाही.

दुसरा दाखला ताजा आहे आणि आमच्या दारातला आहे. ६ सप्टेंबर २०२५ ला अनंत चतुर्दशी होती. लालबागचा राजा दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला. ती पौर्णिमा होती, रात्री ग्रहण होते. पौर्णिमेला साडेअकराच्या सुमारास उधाणाची भरती येणार, हे आमच्या वाडीतल्या बालाजीच्या देवळासमोर बसणारे कोणतेही आजोबा सांगू शकले असते. पाणी चढले, मूर्ती तराफ्यावर घेता येईना, आणि लाखो लोक टीव्हीसमोर हात जोडून बसले. दुपारनंतर पाणी उतरल्यावर ती तराफ्यावर आली आणि विसर्जन झाले रात्री नऊच्या सुमारास. दोष कोणाला द्यायचा नाही. मला दिसते ते एवढेच की त्या दिवशी सबंध महाराष्ट्राने भरती-ओहोटीचा बारा तासांचा तास भरून घेतला. असा वर्ग पुन्हा मिळणार नाही. अनंत चतुर्दशी दर वर्षी पौर्णिमेला लागूनच येते, म्हणजे मोठ्या विसर्जनाला उधाण ठरलेलेच. दीड दिवसाचा गणपती पंचमीला, म्हणजे भरती पावणेचारला. हे मंडळांच्या कार्यकर्त्यांना एकदा दाखवले की ते जन्मभर विसरणार नाहीत, आणि तोच कार्यकर्ता जुलैतल्या अमावास्येला पाऊस लागला की घड्याळाकडे बघेल.

म्हणून पहिली मागणी फळ्याची. आमच्याकडे प्रत्येक वाडीच्या तोंडाशी मंडळाचा काळा फळा असतो. कोणाचे निधन, कोणाचा दहावीचा निकाल, आरोग्य शिबिर, वर्गणीची आठवण, सगळे त्यावर खडूने लिहिले जाते, आणि त्या फळ्याची बातमी मोबाइलवरच्या बातमीपेक्षा खरी मानली जाते. जून ते सप्टेंबर त्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज तीन ओळी याव्यात : आजची तिथी, आजच्या दोन भरत्यांच्या वेळा आणि मीटर, आणि ही भरती आपल्या गटाराचे मुख बंद करते की नाही. पहिल्या दोन ओळी आम्ही लिहू. तिसरी ओळ तुमच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्याशिवाय लिहिता येत नाही. त्यासाठी त्या खात्याने प्रत्येक वाडीला एक आकडा द्यायचा : अमुक मीटरच्या वर भरती गेली की तुमचे पाणी अडते. बस. एक आकडा. तो भिंतीवर रंगवून ठेवू.

दुसरी गोष्ट, आम्हाला चालवा. विभागातला एखादा अभियंता आणि शक्य असेल तर एखादा बॅकबेतला कोळी यांनी महिन्यातून एका ओहोटीला फणसवाडीतून निघावे आणि आमच्या गटाराच्या वाटेवरून समुद्रापर्यंत जावे. बारा-पंधरा मिनिटांचे अंतर आहे. शाळेची मुले, मंडळाची पोरे, हळदीकुंकवाचे महिला मंडळ, येईल तो येईल. वाटेत रेल्वेच्या रुळांपाशी थांबून सांगावे की मरीन ड्राइव्हचा भराव पडण्याआधी समुद्र इथवर होता. मग मुखापाशी उभे राहून दाखवावे की ओहोटीला ते कसे उघडे दिसते. पुढच्या वेळी तिथेच भरतीला न्यावे. असे समुद्रावर फिरवणारे लोक या शहरात आहेत : 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावाने तरुण मंडळी २०१७ पासून गिरगाव चौपाटीवर आणि हाजी अलीला ओहोटीच्या वेळी लोकांना नेऊन खडकांतले जीव दाखवतात. तिथे शेवाळ आणि खेकडे बघायला माणसे पहाटे उठून येतात. स्वतःचे गटार बघायलाही येतील, नेणारा हवा. परळला पालिकेची आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणारी संस्था आहेच. तिने वर्ग परळमध्ये न घेता वाडीत घ्यावा.

तिसरी मागणी थोडी हौसेची आहे. अॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेच्या इमारतीत काचेचे तीन उंच नळ उभे केले आहेत. दोघांत किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणी या क्षणाला समुद्र किती चढला आहे ते पाणी वरखाली होऊन दिसते. तिसऱ्यात १९५३ च्या महापुराची पातळी, साडेचार मीटरहून थोडी जास्त, डोक्याच्या किती वर जाते ते दिसते. लोक बाजारहाट करता करता जातात आणि मान वर करून बघतात. त्यांच्या देशाचा मोठा भाग समुद्रपातळीखाली आहे म्हणून त्यांनी हे केले. आमचे निम्मे गाव सात बेटांमधल्या खाड्या बुजवून केलेले आहे. चर्नी रोड स्थानकाबाहेर नाहीतर चौपाटीच्या तोंडाशी असा एक नळ का नको? अपोलो बंदराची मोजणी आहेच. सुशोभीकरणाच्या नावाने दिव्यांच्या माळा, फुलपाखरे आणि 'आय लव्ह' लिहिलेली अक्षरे जागोजाग उभी राहतात, त्यांतल्या एका फुलपाखराच्या खर्चात हे बसेल.

यावर आपल्याकडून येणारे आक्षेप मला ऐकू येतात. लोक घाबरतील. घाबरवायचे काम २०२१ मध्ये होऊन गेले. सत्तर टक्के ऐकून जो घाबरला नाही तो तीन ओळींच्या फळ्याला काय घाबरणार. दुसरा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही : जागांचे भाव. आमच्या चाळी एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. उपकरप्राप्त इमारतीच्या जागी चाळीस मजले, त्याखाली वाहनतळाची तळघरे, तळमजल्यावर मीटर रूम, आणि जाहिरातीत समुद्रदर्शन. ज्या समुद्राचे दर्शन विकायचे त्याची पातळी सांगायची नाही, हे किती दिवस चालेल? मीटर रूम एक मजला वर घ्या, तळघरात पंपाची वीज वेगळी ठेवा, या साध्या अटी रहिवाशांनीच विकासकाला घालाव्यात, एवढे तरी शिक्षणाने होईल. मेट्रोचे काळबादेवी आणि गिरगाव ही स्थानके ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या पायाखाली सुरू झाली. त्याच वर्षी २६ मेला, मान्सून लवकर आला तेव्हा, वरळीचे आचार्य अत्रे चौक हे भुयारी स्थानक सुरू होऊन तीन आठवडे व्हायच्या आत पाण्याने भरले होते. जमिनीखाली जितके जाऊ तितके आम्हाला समुद्राचे वेळापत्रक जास्त लागणार.

आणि हो, सत्तर टक्क्यांचा आकडा. तो चुकीचा असेल तर पालिकेने तसे सांगावे. बरोबर असेल तर नकाशा दाखवावा. २०४० चे दहा टक्के आणि २०५० चे सत्तर यांत एवढे अंतर का पडते, कोणी काय धरून हिशेब केला, हे एका पानात मराठीत लिहून विभाग कार्यालयाच्या दाराशी लावावे. शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत हे कळल्याने माणूस गोंधळत नाही. आज एक आकडा, उद्या दुसरा, आणि मध्ये कोणीच काही बोलत नाही, याने तो गोंधळतो, आणि मग कशावरच विश्वास ठेवत नाही. ज्या दिवशी खरेच घर सोडायला सांगायची वेळ येईल त्या दिवशी तो अविश्वास महागात पडेल.

फळा आमच्याकडे आहे. खडू आणि लिहिणारी पोरे आहेत. कोळी ओळखीचे आहेत. पालिकेकडून आम्हाला प्रत्येक वाडीचा तो एक आकडा, एक अभियंता आणि महिन्यातली एक ओहोटी एवढेच हवे आहे. येत्या १ जूनच्या आत फणसवाडीचा आकडा विभाग कार्यालयात कळवावा. कार्यालय चंदनवाडीत आहे. आम्ही चालत येऊन घेऊन जाऊ.

आपला,
फणसवाडीतील एक रहिवासी